दुसरा ब्रेक

तेवीस वर्षं मी डाव्या सीटवर बसले.
नेरूळ, सेक्टर दहा, निर्धार मोटर ट्रेनिंग स्कूल.
टपावर लाल रंगातला एल
आणि माझ्या पायाखाली दुसरा क्लच, दुसरा ब्रेक.
समोर शाळेची बस वळली, गाडी जागच्या जागी थांबली,
की शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबवली.
मी वाटू द्यायचे.
फी त्याचीच तर होती.

फक्त घणसोलीच्या मढवीकाकूंनी ओळखलं.
साठीला शिकायला आलेल्या, सुनेशी भांडून.
तिसऱ्या दिवशी गाडी कडेला घेतली, म्हणाल्या,
"तुजा पाय उचल गो बाय. माना कलतं."

अजूनही कुणाच्या गाडीत बसले
की माझा पाय आपोआप चटई दाबतो.
बहिणीच्या गाडीत त्या जागी भोक पडलंय.

आता ही नवी घेतली. काचेला कॅमेरा, नाकात रडार.
शोरूममधला मुलगा म्हणाला,
मॅडम, ही स्वतः अंतर राखते, वेळ आली तर ब्रेक मारते,
लेन सोडलीत तर हळूच आत आणते.
मी म्हटलं, म्हणजे माझंच काम.
तो हसला. त्याला वाटलं विनोद आहे.

रविवारी पहाटे पाम बीच रोड.
साठवर लावली, बटण दाबलं, पाय बाजूला घेतला.
पुढे मार्केटला निघालेला कोबीचा टेम्पो.
ती काही करायच्या आत माझा ब्रेक लागलेला.
सानपाड्यापर्यंत असं सात वेळा.
सातही वेळा मी जिंकले,
तिला शर्यत आहे हेही माहीत नव्हतं.

मग वळणावर स्टिअरिंग हातात जरासं ओढलं.
ती ओढ मी ओळखते.
चाक सुटतंय असं दिसलं
की मीही खालून दोन बोटं लावायचे,
तेवढीच.

पण ती चुकतेही.
जिथे खोदकामानंतर पट्टे दोनदा आखलेत
तिथे पुसलेल्या पट्ट्यावर विश्वास ठेवते.
तुर्भ्याला पुलाच्या सावलीला घाबरून थांबली.
मागचा रिक्षावाला जे बोलला
ते ऐकायला मी एकटीच होते.
घरी येऊन शिकवणीच्या वहीत तिचं पान उघडलं:
अंतर, चांगलं. सावली, भिते.
खड्डे दिसत नाहीत. डावीकडून बाइक, उशिरा कळते.
नावाची जागा रिकामी ठेवली.

आणि दर थोड्या वेळाने तीच मला विचारते,
हात आहेत ना?
सरळ रस्त्यावर, रिकाम्या रस्त्यावरही विचारते.
पहिल्यांदा राग आला.
तेवीस वर्षं दुसरं काय विचारलं मी लोकांना?

जासईहून हळद आटोपून येत होते, रात्री साडेअकरा.
मागून कुणीतरी अप्पर मारत होता,
माझे डोळे आरशात.
गाडी कळवळली. बेल्ट छातीला आवळला.
डिकीतला नारळ गडगडत पुढे आला.
समोर उभा कंटेनर, काळा, एकही दिवा नाही,
मध्ये दोन हातांचं अंतर.
वाचले. थांबवली वेळेवर,
असं मनात म्हटलंही.

मग खाली पाहिलं.
पाय ॲक्सिलरेटरशेजारी, सपाट,
चप्पल अर्धी निघालेली.

कंटेनरचा ड्रायव्हर पुढून धावत आला,
हातात करंजाची तोडलेली फांदी,
मागे ठेवायलाच निघालो होतो ताई, म्हणाला.
मी काच खाली केली, त्याला बोलायचं ते बोलले.
तो गेल्यावर डॅशबोर्डकडे बघत बसले.
पाय उचल म्हणावंसं वाटलं,
माना कलतं.

म्हटलं नाही.
हात ठेवले. निघालो.